ब्रेकच्या डबीत ट्रॅक्टरचं तेल

ब्रेक पहिल्यांदा मऊ लागला तेव्हा मी त्याचं कौतुक केलं होतं. राहुरीच्या बाजारातून भाजी घेऊन परत येत होतो. रस्त्यात शेळी आडवी आली, पाय दाबला आणि लोण्यात बोट जावं तसं पेडल आत गेलं. गाडी थांबली, शेळीही वाचली. मी शेजारी बसलेल्या बायकोला म्हणालो, "बघ, वीस वर्षांची झाली तरी कशी मुलायम चालते."

ती शेळीकडे बघत म्हणाली, "तिला विचारा."

तेव्हाच ऐकायला हवं होतं. पण मी हायस्कुलात उभी हयात विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. आम्ही ऐकत नसतो, ऐकवतो. त्यातही 'द्रवाचा दाब' हा धडा म्हणजे माझा हातखंडा. इंजेक्शनच्या दोन सिरिंजा, मध्ये सलाइनची नळी, आत रंगीत पाणी. इकडची दाबली की तिकडची वर सरकायची आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. "गाडीच्या ब्रेकमध्ये हेच असतं," असं मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगायचो. आमच्या स्वतःच्या गाडीच्या ब्रेकचं तेल जिथे असतं त्या डबीचं झाकण मात्र मी उभ्या आयुष्यात उघडून बघितलं नव्हतं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत पेडल आणखी खाली जाऊ लागलं. एकदा दाबलं की अर्ध्यावर, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की जरा वर. म्हणून मी दोनदा दाबायला लागलो. माणूस कशाचीही सवय करून घेतो. दात दुखायला लागला की आपण दुसऱ्या बाजूने चावतो, तसंच ते.

नेमकी त्याच दिवसांत लेकीला आणायची वेळ आली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरी. तिचं सासर वर पठारावर, वांबोरीचा घाट चढून गेलं की पुढे पाच-सहा किलोमीटर. व्याह्यांचा फोन आला.

"पाव्हणं, आमची नवी गाडी दारात उभी हाय. पोरगं आणून सोडील की सूनबाईला. तुमी कशाला त्या म्हातारीला घाट चढवताय?"

म्हातारी म्हणजे आमची गाडी. मला झोंबलं. म्हणालो, "मुराळी माहेरचा लागतो. लेक येईल ती माहेरच्याच गाडीतून. आमच्याकडे पद्धत आहे तशी."

लेकीला न्यायला जाणारा मुराळी माहेरचा लागतो, इथपर्यंत पद्धत खरी. गाडीही माहेरचीच लागते, ही भर माझी, जागच्या जागी घातलेली. पलीकडून व्याही हसले. "बरं बरं. मग या माहेरची गाडी घिऊन. ब्रेक-बिक हायत ना तिला?"

"ब्रेक?" मी म्हणालो. "ब्रेकवर तर मी पोरांना धडे दिलेत."

फोन ठेवल्यावर मी माणसं मोजली. घाट चढून जाताना आम्ही दोघं असणार होतो. उतरताना चौघं. चौथं अजून जन्माला यायचं होतं.

तर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. नववीत शेवटच्या बाकावर बसायचा आणि मी शिकवताना पेनाची स्प्रिंग काढून परत बसवायचा. मी त्याला त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. आता मी त्याच्या दारात उभा होतो.

त्याने मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागच्या चाकाशी आडवा झाला. "सर, दाबा. दाबा. दाबा. आता धरून ठेवा." त्याने चाकामागचं निपल सैल केलं. पायाखालून पेडल सुळकन गेलं आणि खाली बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे आले. "सोडा. परत दाबा." अशी चारी चाकांची हवा काढली. ब्रेकचं तेल काळपट निघालं, मुरलेल्या काढ्यासारखं. डाव्या मागच्या चाकाचा सिलेंडर गळत होता, तो त्याने नवीन टाकला. पेडल बरंच वर आलं. मी उतरायला लागलो तर म्हणाला, "थांबा. पाय ठेवून बसा जरा. हळूच दाबून धरा."

मी धरलं. पेडल थांबलं. मग अगदी सावकाश, श्वास सोडावा तसं, बोटभर खाली गेलं.

"बघितलं?" तो म्हणाला. "हे चाकाचं नाही, सर. वरच्या मास्टर सिलेंडरचं आहे. आतली रबरं गेलीत. गाडी दोन दिवस ठेवा, किट बदलतो."

"परवा लेकीला आणायचंय."

"मग आणल्यावर ठेवा, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "आणायच्या आधी ठेवा."

एवढं स्पष्ट सांगितलेलं. मी काय केलं? त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे, बोटभरच तर जातंय." त्याने माझ्याकडे बघितलं. नववीत मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचो, तीच नजर. "निदान डबीतलं तेल रोज बघा. कमी झालं की मला फोन करा, मी येतो. आपल्या मनाने काही टाकू नका."

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॉनेट उघडलं. डबीवरच्या खालच्या खुणेच्याही खाली तेल गेलं होतं. ऊन रणरणत होतं. फोन घरात चार्जिंगला लावलेला. राहुरीला जायचं तर येऊन-जाऊन तास गेला असता. आणि वीस पावलांवर धाकट्या भावाच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक तेलाचा डबा होता. त्याच तेलावर तो नांगर उचलतो, भरलेली ट्रॉली उचलतो. मी उभ्या उभ्या विचार केला, आणि तो विचार मी आज लाजेने जसाच्या तसा सांगतो: बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. द्रव कुठला, हे नियमात लिहिलेलं नाही.

वाटीभर तेल ओतलं. झाकण घट्ट लावलं. फडक्याने पुसलंसुद्धा.

नियमात रबर नव्हतं. ब्रेकमधली रबरं ट्रॅक्टरच्या तेलात फुगतात, हे त्या नववीच्या पोराला माहीत होतं. मला नव्हतं.

आणि गंमत बघा, सकाळी पेडल चांगलं टणक लागलं. वर आलेलं, घट्ट. मी अंगणातच दोनदा दाबून बघितलं आणि बायकोला हाक मारली. ती ओटीचं सामान, दशम्यांचा डबा आणि लेकीसाठी शिवलेलं गोधडं मागच्या सीटवर लावत होती. म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं. पण इतक्या दिवसांचं दुखणं एका रात्रीत बरं होतंय होय?"

तेवढ्यात मेकॅनिकचा फोन. "सर, तेल बघितलं का?"

"बघितलं. थोडं कमी होतं. टाकलं."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "काय टाकलं?"

"काय म्हणजे? ब्रेकचंच टाकलं."

इतकी वर्षं मी पोरांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावले. त्या सकाळी मी एका जुन्या विद्यार्थ्याशी खोटं बोललो आणि आवाज जराही हलला नाही. पलीकडे त्याने पाना परत उचलला. मग म्हणाला, "जपून या, सर."

घाट चढताना गाडी जड चालत होती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. दुसरा गिअर टाकला तरी ओढेना. मी म्हणालो, वय झालं. एका वळणावर कठडा फुटला होता आणि तिथे दोन डांबराची पिंपं उभी करून मध्ये दोरी बांधली होती. दोरीला लाल चिंध्या. बायको त्या चिंध्या मागे जाईपर्यंत मान वळवून बघत राहिली, पण बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या बोलण्यावर मला उत्तरं येतात.

व्याह्यांच्या दारात उतरलो तर करपल्याचा वास. पुढच्या चाकांमधून गरम झळ येत होती. व्याही पाणी घेऊन पुढे आले आणि चाकाजवळ हात नेऊन झटकन मागे घेतला.

"पाव्हणं, म्हातारीला ताप आलाय वाटतं."

"नवीन काम केलंय ब्रेकचं," मी म्हणालो. "घासून बसतंय."

दिवसातलं दुसरं खोटं. आता ते सरावाने येत होतं.

"आसं व्हय?" ते माझ्याकडे बघत राहिले. "अजून सांगतो, राव. पोरगं हाय, गाडी हाय. तुमी दोघं तुमच्या गाडीत या मागनं. न्हाईतर उद्या जा."

"उद्या मंगळवार," विहीणबाई आतून म्हणाल्या. "मंगळवारी लेक बाहेर काढायची न्हाई."

मी म्हणालो, "आज नेतो." तेवढं बोलायला मला किती वेळ लागला? घोटभर पाण्याएवढासुद्धा नाही.

जेवणं झाली. पुरणपोळी होती. मी तीन खाल्ल्या, कारण नको म्हटलं असतं तर कुणीतरी तब्येत विचारली असती. विहीणबाईंनी ओटी भरली, नारळ दिला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरले. दोन घरचा जीव, सांभाळून न्या, म्हणाल्या. तोपर्यंत चाकं गार झाली होती आणि पेडल पुन्हा वर आलं होतं. मी मनात म्हटलं, बघ, उगीच घाबरतोस.

लेक पुढे बसली, बायको मागे गोधड्याशेजारी. तीनच्या सुमाराला निघालो. सपाट रस्ता. पहिले दोन-तीन किलोमीटर ठीक गेले. मग गाडी पुन्हा जड झाली. पुन्हा तो वास. पुढे एक बैलगाडी होती, म्हणून पाय ठेवला. पेडल आलं, पण अर्ध्यावर. दोनदा दाबलं. पुढच्या गतिरोधकाला तीनदा. काचा खाली करून मी हवेबद्दल, ज्वारीबद्दल, कुणाच्या लग्नाबद्दल बोलायला लागलो. मला घाम येत होता आणि मी बोलत होतो.

आमची लेक याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकलेली. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या पायाकडे बघत होती.

"आण्णा, किती वेळा दाबताय?"

"सवय आहे मला."

"नाही. तुम्हाला ती सवय नाही." मग आवाज न चढवता म्हणाली, "गाडी बाजूला घ्या."

"घाट उतरलो की खाली—"

"आण्णा. आत्ता."

समोर घाटाचं तोंड दिसत होतं. रस्ता तिथून उजवीकडे वाकतो आणि एकदम खाली जातो. त्याच्या अलीकडे शेडमधलं एक चहाचं हॉटेल आहे. मी गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला, गाडी खडीवरून फरफटत हॉटेलच्या अंगणात थांबली. पायाने थांबवली नव्हती. ते तिघींनाही कळलं असणार. तिघी म्हणजे दोघी आणि जे पोटात होतं ते, मुलगा की मुलगी कुणास ठाऊक.

ती उतरली. पोट सांभाळत गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली. "उतरा." मी उतरलो. ती सीट मागे सरकवून आत बसली, इंजिन चालूच होतं. तिने पेडलवर पाय ठेवला आणि दाबून धरला. मी दार धरून वाकून बघत होतो. पेडल अर्ध्यावर थांबलं. मग निघालं. थांबेना. बोटभर नाही, पूर्ण. सावकाश, कुठलाही आवाज न करता तिची चप्पल गाडीच्या तळाला जाऊन टेकली.

तिने पाय तसाच ठेवला. समोरच्या वळणाकडे बघत होती.

"बॉनेट उघडा," ती म्हणाली.

डबी पांढऱ्या प्लास्टिकची, आतलं दिसणारी. गॅरेजमध्ये भरलेलं फिकट तेल खाली, आणि त्याच्यावर वेगळा, दाट, मधासारखा थर. मध्ये स्वच्छ रेघ. सातवीत शिकवतो आपण: तेल हलकं, वर तरंगतं. इतकं चांगलं उदाहरण मला वर्गात कधी करून दाखवता आलं नव्हतं.

"हे वर काय आहे?"

मी पुसायला फडकं शोधायला लागलो.

"आण्णा, वर काय आहे?"

"ट्रॅक्टरचं," मी म्हणालो. "हायड्रॉलिक."

मागे बायको गाडीतून उतरून उभी होती. मला वाटलं, आता ती बोलेल, आता माझी खरडपट्टी निघेल. तिने फक्त दशम्यांचा डबा आणि लेकीची पिशवी काढून घेतली. ओळखीचा हॉटेलवाला चहाची किटली हातात घेऊन आला, डबीत डोकावला, माझ्याकडे बघितलं. "मास्तर, ह्या तेलानं नांगर उचलत्यात," म्हणाला. "मानसं न्हाई." कुणी हसलं नाही. तोही नाही.

नगरहून वांबोरीकडे जाणारी एस.टी. अर्ध्या तासाने आली. बायको आणि लेक दोघी चढल्या, लेकीला कंडक्टरने पुढची सीट रिकामी करून दिली. खिडकीतून तिने मला हात केला नाही, फक्त मान हलवली. बस वळणावर गेली, तिचा पाठीमागचा भाग दिसेनासा झाला, आणि नंतर बराच वेळ घाटातून तिच्या ब्रेकचा फुस्स फुस्स आवाज येत राहिला. तसा आवाज मी यापूर्वी लक्ष देऊन ऐकला नव्हता. प्रत्येक फुस्स मी मोजला. मग फोन काढून मेकॅनिकला लावला.

"ट्रॅक्टरचं टाकलं होतं," मी म्हणालो. नमस्कार नाही, काही नाही.

"कुठे आहात?"

"घाटाच्या वर."

"वर?" तो म्हणाला. "वरच आहात ना? गाडीला हात लावू नका, सर. चावी काढून खिशात ठेवा."

तो क्रेन घेऊन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी पुढून उचलायच्या आधी त्याने तिथेच हॉटेलच्या बाकड्यावर मास्टर सिलेंडर काढला आणि आतली रबरं माझ्या तळहातावर ठेवली. ताठ, नेटकी असायला हवी होती ती. रात्रभर भिजवलेल्या पावट्यांसारखी फुगून मऊ झाली होती. नखाने दाबली तर खूण राहत होती.

"फुगली म्हणून सकाळी टणक लागलं तुम्हाला," तो म्हणाला. "मग तेल मागे यायचं भोक बंद झालं. ब्रेक लागले ते सुटेनात, घासत राहिले, तापले. तापल्यावर तेल उकळतं. उकळल्यावर..." त्याने हाताने पेडलसारखं खाली दाखवलं. "आता सगळं बदलायचं. चारी चाकांची रबरं, होज पाइप, मास्टर, सगळं धुवायचं. थेंब ठेवायचा नाही."

"तुला सकाळी खोटं बोललो मी."

"कळलं होतं मला," तो म्हणाला. "मी यायला हवं होतं. पण तुम्ही सर." तो रबरं फडक्यात गुंडाळायला लागला. "तुम्हाला कसं म्हणणार, की काय टाकलं ते दाखवा?"

पोरांनी आपल्याला घाबरावं, यासाठी मी किती वर्षं मेहनत घेतली होती.

क्रेनमध्ये त्याच्या शेजारी बसून मी घाट उतरलो.  फुटक्या कठड्यापाशी त्याने वेग कमी केला. पिंपांमधली दोरी सुटून खाली लोंबत होती. पलीकडे नुसती घसरण आणि खाली बाभळी. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं.

घरी पोचलो तेव्हा लेक ओट्यावर पाय सोडून बसली होती. बायको आत स्वयंपाकाला लागली होती. भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवत होती. मी हातपाय धुतले. काहीतरी हलकं बोलावं म्हणून म्हणालो, "व्याह्यांना सांगू नकोस हं. जन्मभर म्हातारीची चौकशी करतील."

ती हसली नाही. म्हणाली, "एक विचारू?"

"विचार की."

"मी गाडी थांबवा म्हटलं नसतं, तर तुम्ही उतरला असता ना घाट?"

माझ्याकडे उत्तरं होती. मी वळणाआधी थांबणारच होतो. हँडब्रेक होता. पहिल्या गिअरमध्ये उतरता येतं. एकेक उत्तर जिभेवर आलं. त्या दिवशी सकाळपासून आलं होतं तसंच, सरावाने.

"हो," मी म्हणालो. "उतरलो असतो."

तिने मान हलवली. बसमधून हलवली होती तशीच. मग भिंतीचा आधार घेऊन उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आमच्या घरात दार लोटायची सवय कुणालाच नाही. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली, त्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या हातात पोळीचं पीठ तसंच होतं. कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या दाराकडे बघत उभे राहिलो, आणि आतून काही आवाज येतोय का ते ऐकत.